ऑफिसात सिकलसेलचं सांगितलं तेव्हा

मी मूळची गडचिरोलीची, नोकरी पुण्यात. सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार, लहानपणापासून. दोन वर्षं ऑफिसात लपवलं. हातपाय ठणकायला लागले की "व्हायरल आहे" म्हणून सुट्टी टाकायची. शेवटी मॅनेजर म्हणाले, "तुम्हाला दर दीड महिन्याला व्हायरल कसं होतं हो?" वर्मी लागलं.

डोक्यावर एसीचा झोत, कामाच्या नादात पाणी कमी. दोन्ही गोष्टी या आजाराला नेमक्या नडतात. मग रडगाणं न गाता एचआरला छोटा मेल केला. आजाराचं नाव, डॉक्टरांचं पत्र आणि दोनच मागण्या: जागा बदलून द्या, दुखणं उठेल त्या दिवशी घरून काम करू द्या. रिपोर्टांची फाइल जोडली नाही, ती त्यांना कशाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे, आणि खासगी कंपनीलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं, एवढं मात्र लिहिलं.

खिडकीजवळची जागा चार दिवसांत मिळाली. घरून कामाला महिना लागला. शेजारच्या ताईंनी "याची लागण होते का गं?" विचारलंच. नाही, आईवडिलांकडून येतं, म्हटलं. आता माझी पाण्याची बाटली रिकामी दिसली की त्याच ओरडतात.