पदक भिंतीवर ठेवून धंदा चालत नाही: खेळ आणि कलेच्या व्यवसायात या चुका टाळा

चारशे मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत दहा अडथळे असतात आणि दोन अडथळ्यांमध्ये ३५ मीटर. ते ३५ मीटर मी पंधरा पावलांत कापायचो. धावणं थांबलं तेव्हा खेळाची चित्रं, प्रिंट आणि जर्सी-पदकांच्या फ्रेम करून देणारा स्टुडिओ काढला. शिस्त अंगात होती, थोडंफार नाव होतं, पेन्सिलीवर हातही बरा चालायचा. अजून काय लागतं, असं वाटलं होतं. पुढच्या काही वर्षांत जे चुकलं ते इथे लिहितोय. ज्याचा चटका जास्त बसला, ते जास्त लांबलंय.

आपल्याच पदकाभोवती दुकान मांडणं

दारातून आत आलं की समोर माझं पदक, माझा बिब (छातीवरचं क्रमांकाचं कापड), माझे फोटो आणि मधोमध माझ्याच शर्यतीचं हे एवढं चित्र. लोक यायचे, हात मिळवायचे, सेल्फी काढायचे, "छान केलंय हो" म्हणायचे आणि जायचे. त्या वर्दळीलाच मी धंदा समजत होतो. रोज वहीत नोंद ठेवायला लागलो तेव्हा डोळे उघडले. येणाऱ्यांत बहुतेक ओळखीचे, त्यातले घेणारे मोजके, आणि घेणारेही भिडेखातर एकदाच घेणारे.

मग एक दिवस एक बाई आल्या. पिशवीत मुलीची पोहण्याची टोपी आणि भिजून सुकलेली निकालाची चिठ्ठी. मुलगी आठवी आली होती, स्पर्धकही आठच. "पण पहिल्यांदाच मध्ये न थांबता शेवटपर्यंत पोहली. याचं काही करता येईल का?" त्यांना एखाद्या विजेतीचं तयार पोस्टर दाखवायचं माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. नशिबाने गप्प बसलो. टोपी, चिठ्ठी आणि भिंतीला टेकणाऱ्या हाताचं एक छोटं रेखाटन अशी फ्रेम करून दिली. त्या फ्रेमने पुढे जेवढी गिऱ्हाइकं आणली, तेवढी माझ्या पदकाने कधीच आणली नव्हती. माणसं पैसे मोजतात ते स्वतःच्या क्षणासाठी. तुमच्या क्षणाला ते टाळ्या देतात, आणि टाळ्या फुकट असतात.

तुमचंही असंच चाललंय का, हे बघायची सोपी रीत आहे. शेवटच्या वीस ऑर्डरी काढा आणि तुमचं नाव माहीत नसताना आलेले किती, ते मोजा. आकडा दोन-तीनवर अडकला असेल तर तुम्ही ओळखीवर जगताय, आणि ओळख संपणारी गोष्ट आहे.

अंगात मुरलेलं ज्ञान बाजूला ठेवणं

ही याच्या उलटी चूक. "आता मी कलाकार" म्हणत काही जण खेळ पुसूनच टाकतात आणि इतर शंभर जण काढतात तशीच चित्रं काढू लागतात. अर्नी बार्न्स यांचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. १९६०च्या दशकात ते व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळत होते. न्यूयॉर्कच्या एका संघमालकाने त्यांना खेळण्याऐवजी चित्रं काढायला पगार दिला आणि १९६६ मध्ये त्यांचं एकल प्रदर्शन झालं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी ते अधिकृत चित्रकार होते. २०२२ मध्ये त्यांचं एक चित्र लिलावात दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. त्या चित्रात मैदान नाही, चेंडू नाही, आहेत ती नाचणारी माणसं. पण त्या लांबलेल्या माना, ताणलेले दंड, वळलेल्या कमरा बघा. शरीर ताकद लावताना कसं दिसतं, हे त्यांना आतून ठाऊक होतं. विषय बदलला तरी ते ज्ञान सोबत आलं.

फ्रेममधल्या जर्सीवर डाग, बुरशी, उडालेली सही

सगळ्यात जास्त तक्रारी याच येतात आणि दोष बहुतेक वेळा आपलाच असतो. काचेला आतून धुकं किंवा काळे ठिपके दिसत असतील, तर जर्सी ओलसर असताना बंद झाली आहे किंवा कापड थेट काचेला टेकलंय. घामातलं मीठ दमटपणा धरून ठेवतं. "घामासकट ठेवायची आहे" म्हणणारी गिऱ्हाइकं असतात, भावना कळते, पण परिणाम आधीच सांगून ठेवा. सही नसेल तर धुऊन घ्या. सही असेल तर धुऊ नका, सावलीत आणि वाऱ्यावर काही दिवस पसरून पूर्ण सुकवा. काच आणि कापड यांच्यामध्ये पट्टी घालून मोकळी जागा सोडा.

जर्सीवर पिवळे पट्टे उमटले असतील तर दोष गोंदाचा किंवा दुहेरी टेपचा. जर्सी चिकटवायची नसते. आम्लरहित (कापड पिवळं न पाडणाऱ्या) बोर्डवर बारीक दोऱ्याने, शिवणीच्या आडून टाके घालून बसवायची असते. वेळ लागतो, बोटं दुखतात, पण टाके उद्या उसवता येतात, गोंद उसवत नाही.

सही फिकट झाली असेल तर आधी फ्रेम कुठे टांगली आहे ते विचारा. मार्करची शाई उजेडात उडते. अतिनील किरण अडवणारी काच वापरली तर फिकेपणाचा वेग कमी होतो, थांबत नाही. म्हणून समोर खिडकी असलेली भिंत टाळायला सांगा. चामड्याच्या चेंडूवर सही घ्यायची असेल तर मार्कर नको, साधं बॉलपेन चांगलं. मार्करची शाई चामड्यात पसरते आणि अक्षरांच्या कडा पुसट होतात.

प्रिंट धुरकट येणं

२४ बाय ३६ इंचाच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके हवे असतील तर फाइल ७२०० बाय १०८०० पिक्सेलची लागते. मेसेजमधून आलेला फोटो याच्या जवळपासही नसतो. मोठी प्रिंट लांबून बघतात, त्यामुळे १५० वरही भागतं, पण त्याखाली उतरू नका आणि मूळ फाइल मागायला लाजू नका. दुसरी गोष्ट, पडद्यावर झळाळणारं हिरवं मैदान कागदावर मळकं येतं. आधी हातभर पट्टी छापून बघा. मी ती पट्टी वाचवायला गेलो आणि अख्खी एक खेप रद्दीत गेली.

"नेटवर होता" म्हणून फोटो उचलणं

फोटोतला खेळाडू तुमचा मित्र असला तरी फोटो बहुधा छायाचित्रकाराचा असतो. त्यावरून चित्र काढलं की ते आपोआप तुमचं होतं, या समजुतीला २०२३ मध्ये मोठा धक्का बसला. छायाचित्रावरून केलेलं अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉल यांचं चित्र नियतकालिकाला वापरायला देण्याच्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी छायाचित्रकार महिलेच्या बाजूने निकाल दिला. खेळाडूच्या प्रतिमेचा हक्क हा आणखी वेगळा विषय. गोल्फपटू टायगर वूड्सच्या चित्राच्या खटल्यात २००३ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने कलाकृतीच्या बाजूने कौल दिला होता. पण एका देशातल्या चित्राला मिळालेला कौल दुसऱ्या देशातल्या टी-शर्टला लागू पडेल, असं धरून चालू नका. ऑलिंपिकच्या पाच वर्तुळांच्या वाटेला तर जाऊच नका. त्यांच्या संरक्षणासाठी १९८१ चा वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे.

माझा मार्ग साधा आहे. स्वतः मैदानावर जाऊन रेखाटतो, किंवा फोटो काढणाऱ्याकडून लेखी परवानगी घेतो आणि त्याचा वाटा देतो.

कलेचे पैसे मागायला कचरणं

खेळाडूंना हा रोग जुना आहे. १९१२ ते १९४८ या काळात ऑलिंपिकमध्ये चित्र, शिल्प, संगीत, साहित्य आणि वास्तुरचना यांचीही पदकं होती. १८९६ मध्ये पोहण्यात दोनदा पहिला आलेला हंगेरीचा आल्फ्रेड हायोश १९२४ मध्ये स्टेडियमच्या आराखड्यासाठी, एका सहकाऱ्यासोबत, रौप्य घेऊन गेला. पुढे या स्पर्धा बंद झाल्या, कारण बहुतेक कलाकार कलेवर पोट भरणारे निघाले आणि तेव्हाच्या हौशीपणाच्या नियमात ते बसेनात! तोच हौशीपणा आपल्या डोक्यात अजून बसून आहे. जुन्या क्लबसाठी फुकट, प्रशिक्षकांसाठी फुकट, मित्राच्या मुलासाठी अर्ध्यात. काम सुरू करण्याआधी निम्मी रक्कम घ्या, ओळखीच्यांकडूनही. सवलत द्यायचीच असेल तर बिलावर पूर्ण किंमत लिहून मग वजा करा. समोरच्याला निदान कळतं की काय सोडलंय.

मर्यादित आवृत्तीबद्दल, म्हणजे ठरावीक प्रतीच छापायच्या चित्राबद्दल, एकच: ५० म्हणालात तर एक्कावन्नावी छापू नका, दुसऱ्या आकारातही नाही.

धंदा एका रात्रीत पालटणं

दोन अडथळ्यांमध्ये पंधरा पावलं टाकली की दर वेळी तोच पाय पुढे येतो. चौदा टाकली की पाय बदलतो. दमलेला धावपटू पावलांची संख्या बदलतो ते ठीकच, पण दुसऱ्या पायाने उडी मारायचा सराव नसेल तर तो अडथळ्यावर आदळतो. मी नेमकं तेच केलं. फ्रेमचं काम मंदावलं म्हणून ते पुरतं बंद करून मुलांसाठी हालचालींच्या रेखाटनाचे वर्ग सुरू केले. कल्पना अजूनही आवडते. एकाने अडथळा ओलांडायच्या पवित्र्यात थांबायचं, बाकीच्यांनी तीस सेकंदांत त्याच्या पाठीची रेघ पकडायची. पहिल्या महिन्यात वर्ग भरले. स्पर्धांचा हंगाम लागला आणि निम्मी मुलं मैदानावर गेली. फ्रेमचे कारागीर तोवर दुसरीकडे लागले होते.

दुसऱ्या वेळी जुनं काम चालू ठेवून आठवड्यात एकच वर्ग घेतला, तोही सरावानंतर, मुलं मैदानावर असतानाच. वर्गातली रेखाटनं त्यांच्याच फ्रेममध्ये जाऊ लागली तेव्हा दोन्ही कामं एकमेकांना ओढू लागली. दुसरा वर्ग वाढवायला वर्ष घेतलं.

पदक मध्यंतरी मागच्या खोलीत गेलं होतं, आता परत पुढे आणलंय. जड वस्तू बोर्डवर कशी बसवतात, त्याचा नमुना म्हणून. त्याच्या रिबनीवर पहिल्या वर्षी मीच लावलेल्या गोंदाचा पिवळा डाग आहे. तो दाखवला की टाके घालायची मजुरी कमी करा, असं कोणी म्हणत नाही.