ॲम्प मध्येच बंद पडतो? गाडीच्या पॉवर-अर्थ वायरिंगमधल्या या चुका टाळा

गाडीतल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज वाढवला की बेस बसतो, हेडलाइट लुकलुकतात, ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) प्रोटेक्टचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा, लाल दिवा लागतो आणि बंद करून पुन्हा चालू केलं की सगळं ठीक. ही लक्षणं दिसली की ॲम्प उघडायची घाई होते. पण अशा वेळी ॲम्प बहुधा चांगला असतो, त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्टच पोहोचत नसतात. ते वाटेत कुठे अडतात हे साध्या डिजिटल मल्टिमीटरने शोधता येतं. फक्त तो योग्य सेटिंगवर हवा.

अर्थ ओहमवर तपासणं

अर्थचा, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरीचा, जोड बीप वाजवून किंवा ओहमवर मोजून ‘ओके’ ठरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. मीटरच्या वायरींचाच रोध ०.२-०.३ ओहम असतो. जोडात फक्त ०.०२ ओहम असला तरी ५५ अँपिअरला तिथे १.१ व्होल्ट जातात. हा दोष ओहमवर दिसतच नाही. म्हणून डीसी व्होल्टवर आणि लोड चालू असतानाच मोजायचं.

इंजिन चालू ठेवा, ५० हर्ट्झचा टोन नेहमीच्या आवाजापेक्षा थोडा कमी लावा आणि एकेक रीडिंग १०-१५ सेकंदांत उरका. जास्त वेळ चालवलात तर वूफरची कॉइल तापते. आधी बॅटरीवर आणि मग ॲम्पच्या +१२ व जीएनडी (अर्थ) टर्मिनलवर मोजा. समजा बॅटरीवर १४.१ आणि ॲम्पवर १२.३ आले, म्हणजे १.८ व्होल्ट गायब. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरी ॲम्पच्या +१२ ला लावा (वायर लांब लागेल, जोडून घ्या). इथे ०.५ आले तर उरलेले १.३ अर्थच्या बाजूला जातात. मग एक पिन ॲम्पच्या अर्थ वायरीच्या थिंबलवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) आणि दुसरी शेजारच्या उघड्या पत्र्यावर ठेवा. १.१ दाखवले तर चोर सापडला: थिंबलखाली रंग किंवा गंज आहे. ५५ अँपिअरला त्या एका बोल्टवर साठेक वॅट नुसते उष्णतेत जातात.

पॉझिटिव्हच्या बाजूलाही असंच जोडाजोडाने पुढे सरका: पोल ते थिंबल, फ्यूजच्या दोन्ही बाजू, शेवटी ॲम्पचा स्क्रू. एका जोडावर ०.१ च्या वर काही दिसलं तर तो जोड उघडायचा. पॉझिटिव्ह आणि अर्थ मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त जाऊ देऊ नका.

अर्थचा बोल्ट

सीटबेल्टच्या बोल्टवर अर्थ कधीच घेऊ नका, तो जिवाच्या सुरक्षेचा भाग आहे. सीटच्या बोल्टवरही नको, कारण तिथे थ्रेडवर अनेकदा लॉकिंगचं रसायन असतं आणि पत्र्यावर रंगाचा थर. डिकीतल्या जाड पत्र्यावर, खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकचा पाइप नाही हे पाहून, ८ मिमीचा बोल्ट-नट घ्या. थिंबलच्या आकाराएवढा रंग आणि प्रायमर पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत काढा. आधी थिंबल थेट पत्र्यावर, मग स्टार वॉशर, मग नट. घट्ट केल्यावर वरून रंग किंवा ग्रीस लावा. कोकणातल्या हवेत ही पायरी गाळली तर गंज लवकर धरतो. अर्थची वायर पॉवरच्या वायरीइतकीच जाड आणि शक्यतो ४५ सेंमीच्या आत हवी.

बऱ्याच नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. जास्तीची अर्थ वायर त्या पोलवर थेट टाकलीत तर ॲम्पचा करंट सेन्सरला कळत नाही आणि चार्जिंगचा हिशेब बिघडतो. वायर सेन्सरच्या पुढे, बॉडीवर घ्या.

किटवरचे ‘४ गेज’

स्वस्त वायरिंग किटमधली वायर बहुधा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. ब्लेडने एक तार खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट असतो. शिवाय बाहेरचं प्लास्टिक जाड आणि आतली तार बारीक असा प्रकारही चालतो. खरं ४ गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम, ८ गेज म्हणजे ८.४.

आता हिशेब. ६०० वॅट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे सतत देता येणारी पॉवर) क्लास डी, म्हणजे कमी तापणाऱ्या प्रकारचा ॲम्प, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ७५० वॅट भागिले १३.८, म्हणजे साधारण ५५ अँपिअर. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर तांब्याच्या ४ गेज वायरीत तेवढ्या करंटला ०.२२ व्होल्ट जातात, ८ गेजमध्ये ०.५७. क्लास एबी असेल तर करंट आणखी वाढतो, कारण बरीच पॉवर उष्णतेत जाते. डब्यावर छापलेले ‘३००० वॅट’ या हिशेबात धरू नका, आरएमएस बघा.

फ्यूज

फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीपासून ४५ सेंमीच्या आत लागतो. डिकीत ॲम्पशेजारी लावलेला एकटा फ्यूज निरुपयोगी: वाटेत फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) कडेने प्लास्टिक कापलं तर तो उडत नाही, वायर पेटते. त्या भोकात रबरी ग्रोमेट घालाच. वरच्या उदाहरणात ६० अँपिअरचा फ्यूज पुरेल. वारंवार उडतो म्हणून थेट १०० चा घालणं म्हणजे आगीला वाट मोकळी करून देणं.

फ्यूज शाबूत पण होल्डर वितळलेला दिसला तर स्क्रू सैल झालेला असतो. तांब्याच्या बारीक तारा दाबाखाली बसत जातात. फेरूल (तारांच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) लावा आणि बसवल्यावर महिन्याभराने सगळे स्क्रू पुन्हा आवळा. आवळायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा, पाना बॉडीला लागला तर ठिणगी पक्की.

इंजिनच्या वेगाबरोबर वाढणारी शिट्टी

ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो, तो अल्टरनेटरचा. ॲम्पमधून आरसीए (स्टिरिओकडून आवाजाचा सिग्नल आणणारी वायर) काढा. शिट्टी थांबली तर दोष स्टिरिओ किंवा आरसीएच्या बाजूला. पॉवर केबल एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. तरीही चालू राहिली तर ॲम्पचा अर्थ तपासा. नॉइज फिल्टर विकत घ्यायची वेळ फार क्वचित येते.

कॅपॅसिटर

१ फॅरडचा कॅपॅसिटर ५० अँपिअर देताना १ व्होल्ट खाली यायला ०.०२ सेकंद घेतो. एवढंच त्याचं बळ. खराब अर्थ तो झाकत नाही.

सगळे जोड चोख असूनही बॅटरीवरच लोडखाली १२.५ च्या खाली आकडा जात असेल, तर अल्टरनेटर कमी पडतोय. अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायरी जाड करून पाहा. त्यानेही फरक पडला नाही तर ॲम्पचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारी खुंटी) कमी करा किंवा अल्टरनेटर मोठा घ्या.