फिट आल्यावर काय करायचं, आणि ‘फेफरं आलं’ असं का म्हणायचं नाही

माझा धाकटा भाऊ बाळू सहावीत असताना त्याला पहिली फिट आली. आम्ही रात्री जेवायला बसलो होतो. त्याच्या घशातून एक विचित्र आवाज निघाला, हातातली भाकरी तशीच घट्ट धरून तो कलंडला आणि हातपाय झाडायला लागला. आईनं दातखीळ सोडवायला तोंडात उलथनं घातलं. काकांनी पायातली चप्पल नाकाशी धरली. शेजारच्या मावशींनी कांदा फोडून आणला, नाकाला लावला आणि झटके थांबले. पुढे कित्येक वर्षं घरात ‘कांद्यानं थांबली’ असंच सांगत. खरं तर बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि कांदा शोधून फोडून आणायला तेवढाच वेळ लागतो. उलथन्यानं तुटलेला बाळूचा पुढचा दात मात्र अजून अर्धाच आहे.

मी 21 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात माझ्यासमोर तीन मुलांना फिट आली. त्यातून जे कळलं ते लिहिते आहे.

आधी आत काय होतं ते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या बारीक संकेतांनी बोलतात. फिट येते तेव्हा पुष्कळशा पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात, भलत्याच जोरानं संकेत सोडतात. डॉक्टरांनी वडिलांना ईईजीच्या, म्हणजे मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या तपासणीच्या, कागदावरच्या टोकदार रेघा दाखवून ‘मेंदूत विजेचं वादळ उठतं’ असं समजावलं होतं. उपमा चांगली आहे. वादळाला कुणी हातानं दाबून धरत नाही, ते ओसरायची वाट बघतात, हे तिच्यातून कळतं. पण आमच्याच गल्लीत तिचा उलटा परिणाम झाला. ‘वीज’ म्हटल्यावर एक गृहस्थ बाळूला हात लावायलाच घाबरू लागले. म्हणून मी मुलांना वेगळं सांगते. वर्गात कुणी वाचतंय, कुणी पेन्सिलीला टोक करतंय, कुणी चित्र काढतंय. अचानक सगळ्यांनी एकाच तालात बाक बडवायला सुरुवात केली तर? कुणाचंच काम होणार नाही. मग हात दमतात आणि वर्ग शांत होतो. चौथीतल्या मुलांना हे लगेच कळतं, आणि भीती बसत नाही.

आता समोर कुणाला फिट आली तर सगळ्यात आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांएवढं वाटतं, आणि पुढचा निर्णय याच आकड्यावर घ्यायचा असतो. बाक, दगड, गरम चहा, जे लागण्यासारखं असेल ते बाजूला सारा. माणसाला मात्र तो रस्त्यावर, पाण्यात किंवा विस्तवाजवळ असेल तरच हलवा. डोक्याखाली ओढणी, घडी केलेला स्वेटर, हाती येईल ते मऊ ठेवा. चष्मा काढा, गळ्याशी बटण सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, चमचा नाही, बोट नाही, पाणी नाही. जीभ गिळली जात नाही. ती चावली जाते, पण ती जखम भरून येते. तुटलेला दात श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतेल. झटके ओसरले की एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ, फेस बाहेर वाहून जाईल. कपडे ओले झाले असतील तर अंगावर काहीतरी पांघरा आणि गर्दी हटवा. शुद्धीवर येताना माणूस गोंधळलेला असतो. नाव घेऊन हळू बोलत राहा आणि तो पूर्ण भानावर येईपर्यंत त्याला सोडून जाऊ नका.

पाच मिनिटं उलटली, भान यायच्या आत दुसरी फिट सुरू झाली, आयुष्यातली पहिलीच असली, पाण्यात आली, डोक्याला मार लागला, बाई गरोदर असली, तर 108 ला फोन करा. फोनवर ‘झटका आलाय’ एवढंच सांगू नका. आपण हृदयविकारालाही झटका म्हणतो, लकव्यालाही आणि विजेच्या धक्क्यालाही. ‘फिट आली आहे, हातपाय झाडतोय, सहा मिनिटं झाली, शुद्ध नाही’ असं सांगा. जमलं तर एकानं मोबाईलवर चित्रण करावं. ते फक्त डॉक्टरांसाठी, कुणालाही पाठवायचं नाही.

आता आपल्या बोलण्याकडे येते. ‘बिल बघून फेफरंच आलं मला.’ ‘बाबांना कळलं तर फिट येईल त्यांना.’ हे मी रोज ऐकते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण फिट ही धक्क्यानं किंवा रागानं येते, मन आवरलं तर थांबते, असा समज यातूनच घट्ट होतो. मग खऱ्या फिटच्या वेळी लोक गालावर चापट्या मारतात, ‘सावर स्वतःला’ म्हणून ओरडतात. बाळूच्या वर्गात एका शिक्षकांनी फळ्यापाशी गणित अडलेल्या मुलाला ‘फेफरं आलं का रे?’ म्हणून विचारलं. सगळा वर्ग हसला आणि सगळ्यांनी वळून बाळूकडे पाहिलं. तो आठवडाभर शाळेत गेला नाही.

म्हणून मी एवढंच बघते, की शब्द ऐकल्यावर डोळ्यांपुढे कोण येतं? ‘ब्रेनस्टॉर्म’, म्हणजे ‘मेंदूतलं वादळ’, हा इंग्रजी शब्दही मुळात आजाराचाच. 1907 साली न्यूयॉर्कमध्ये हॅरी थॉ याच्यावरच्या खुनाच्या खटल्यात तो गाजला, तेव्हा अर्थ होता डोक्यात अचानक उठलेलं वेडाचं वादळ. पुढे 1940 च्या दशकात ॲलेक्स ऑस्बॉर्न या जाहिरात व्यवसायातल्या माणसानं तो एकत्र बसून कल्पना काढण्यासाठी रूढ केला. आमच्या प्रशिक्षणात ‘ब्रेनस्टॉर्मिंग करू या’ म्हणतात तेव्हा कुणाला जमिनीवर पडलेला माणूस दिसत नाही. बाळूला मी विचारलं, त्याला त्यात काही वाटत नाही. ‘फेफरं’ म्हटलं की मात्र त्याला स्वतःच दिसतो. बिलानं धडकी भरू दे, पोटात गोळा येऊ दे, तोंडचं पाणी पळू दे, मराठीत शब्दांची वाण नाही. ‘डोळे पांढरे झाले’ मी टाळते, कारण मी ते खरोखर झालेले पाहिलेत.

आणि ‘मिरगीवाला’ म्हणू नका, ‘त्याला फिट येतात’ म्हणा. हिंदू विवाह कायद्यात 1999 च्या दुरुस्तीपर्यंत वेडाचे झटके आणि अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार, लग्नाच्या आड येणाऱ्या गोष्टींत एकाच ओळीत होते. 2004 मध्ये बाळूसाठी स्थळं बघताना, ती ओळ जाऊन पाच वर्षं झाली तरी, ‘कायद्यात बसत नाही’ असं आम्हाला दोन घरांत सांगितलं गेलं.

शिक्षकांना एक सांगायचंय. मूल वाचता वाचता पाचदहा सेकंद थांबतं, नजर एका जागी, हाक ऐकू जात नाही, मग काही झालंच नाही असं पुढे वाचू लागतं. हीसुद्धा फिट असू शकते. दिवसातून अनेकदा होत असेल तर तारीख-वेळ टिपून ठेवा आणि ते कागद देऊन पालकांना डॉक्टरांकडे पाठवा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला मी दोन महिने ‘कसली तंद्री लागलीय?’ म्हणून उभं करत होते. निदान झाल्यावर तिची शुद्धलेखनाची वही पुन्हा काढून बघितली. एका पानावर ‘पाव’ लिहिलं होतं, तिथून पेन्सिलीची एक रेघ तिरकी खाली घसरली होती, आणि वरच्याच ओळीत पुढे नीट अक्षरात ‘साळा’.