फ्रीलान्सरांनो, खाण्याच्या या चुका टाळा

फ्रीलान्सिंग नुकतंच सुरू केलेल्या मुलामुलींचे मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला, क्लायंट पैसे देत नाही. दुसरा त्यानंतर काही महिन्यांनी येतो: "ताई, दिवसभर काही ना काही खात असते, तरी संध्याकाळी गळून जायला होतं. वजन वाढलंय आणि ॲसिडिटी काही हटत नाही." पहिल्या तक्रारीवर माझ्याकडे रामबाण उपाय नाही. दुसरीवर आहे, पण तो सांगून सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मी पुण्यात घरूनच भाषांतराची आणि उपशीर्षकांची कामं करते. ऑफिस सुटलं की बॉस सुटला याचा आनंद सगळ्यांना होतो, त्याच्याबरोबर जेवणाची सुट्टीही गेली हे कोणाच्या लक्षात येत नाही. ऑफिसात एक वाजला की शेजारचा डबा उघडायचा, लसणाच्या फोडणीचा वास यायचा, कोणीतरी "चला रे जेवायला" म्हणून उठवायचं. घरी उठवायला कोणी नसतं. मग जेवणाच्या जागेवर खाऊ येऊन बसतो आणि दिवसभर उठतच नाही. पुढच्या बहुतेक चुका याच एका चुकीच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

चहा-बिस्किटाला जेवण समजणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. सगळीकडे ती एकाच पद्धतीने घडते. सकाळी अकराला चहा आणि दोन बिस्किटं. एक वाजता भूक लागते, पण "एवढी फाइल पाठवते आणि जेवते". फाइल पाठवली की क्लायंट बदल सुचवतो. पुन्हा चहा, पुन्हा चार बिस्किटं. साडेतीनला भूक मेलेली असते, साडेपाचला ती दुप्पट होऊन परत येते, आणि तेव्हा समोर जे दिसेल ते पोटात जातं. फरसाणाची पिशवी त्यासाठीच घरात बसून असते.

हातातला पुडा एकदा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. बहुतेक साध्या बिस्किटांवर सुरुवातीची तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल हीच असतात. मारी प्रकारची चार बिस्किटं म्हणजे साधारण शंभर कॅलरी आणि जेमतेम दोन ग्रॅम प्रथिनं. एवढ्यावर पोट तासभरही गप्प बसत नाही. त्यात चहाची साखर धरा. कपाला दोन चमचे म्हणजे आठ-दहा ग्रॅम, असे चार कप झाले की पस्तीस-चाळीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवलेलं, शक्य असल्यास पाळावं असं प्रमाण आहे दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास. जेवलात नाही, आणि साखरेचं बजेट दुपारीच संपलं.

चहा बंद करा असं मी म्हणणार नाही, पुण्यात राहून असलं काही लिहायची माझी हिंमत नाही. पण चहा जेवणाला चिकटवू नका. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाच्या आधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा असं स्पष्ट लिहिलंय, कारण चहातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. ज्या मुली "मला सारखा थकवा" म्हणतात आणि पालकाच्या भाजीवर लगेच कपभर चहा ओततात, त्यांनी हे दोनदा वाचावं.

माझी सवय अशी. एक ते दीड ही वेळ मी कॅलेंडरवर "मीटिंग" म्हणून अडवून ठेवलेली आहे. कोणाशी, हे विचारायचा अधिकार कोणत्याही क्लायंटला नाही. लॅपटॉप बंद होतो, नुसता झाकला जात नाही. ताट टेबलावर येतं, आणि ते कामाचं टेबल नसतं. कीबोर्डशेजारी जेवणाऱ्यांबद्दल माझं मत चांगलं नाही. आमटीचे डाग निघतात, पण आपण किती खाल्लं हे त्यांना कधीच सांगता येत नाही.

"पण वेळ कुठे असतो, ताई?" वेळ असतो. डाळ-तांदळाच्या कुकरच्या शिट्ट्या तुमची फाइल एक्स्पोर्ट होते तेवढ्यात होतात. पोळ्या येत नसतील किंवा लाटायच्या नसतील तर जवळचं पोळी-भाजी केंद्र शोधा. पुण्या-मुंबईत तर गल्लोगल्ली आहेत. मी आठवड्यातले बरेच दिवस पोळ्या तिथूनच आणते आणि भाजी घरी करते. यात कमीपणा वाटणाऱ्यांनी स्वतः लाटाव्यात, पण उपाशी राहून कमीपणा टाळू नये.

रविवारी आठवड्याचं रांधून ठेवणं

आता दुसरं टोक. पहिली चूक आळशी माणसं करतात, ही उत्साही माणसं करतात, आणि मला उत्साही माणसांची जास्त भीती वाटते.

माझ्या ओळखीतला एक व्हिडिओ एडिटर. नाशिकहून पुण्याला आला, कोथरूडला मित्रांबरोबर फ्लॅट घेतला, आणि बाहेरचं खाऊन खाऊन कंटाळला. कुठलीतरी रील बघून त्याने एकसारखे प्लास्टिकचे डबे मागवले आणि एका रविवारी संध्याकाळी राजमा, चिकन आणि मोठं पातेलंभर भात असा आठवड्याचा स्वयंपाक केला. दिवस मे महिन्याचे. गरम वस्तू फ्रिजमध्ये ठेवू नये एवढं घरून ऐकलेलं, म्हणून पातेली झाकण घालून रात्रभर ओट्यावर ठेवली. सोमवारी सकाळी डबे भरले, फोटो काढला, मलाही पाठवला. फोटो छान होता.

सोमवारी दुपारी त्याने त्यातल्याच भाताला फोडणी दिली आणि खाल्ला. तीनला परदेशी क्लायंटबरोबर कॉल होता. कॉल सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि उलट्या सुरू झाल्या. माइक बंद करून आत पळत होता आणि परत येऊन "येस, येस" म्हणत होता. रात्री सलाईन लावावं लागलं. दवाखान्यातून मला फोन आला तो मुदतवाढ मागायची मेल कशी लिहू हे विचारायला!

त्याचं एकच पालुपद होतं, "पण मी वाफा येईपर्यंत गरम केला होता, ताई." तिथेच तर सगळी गोम आहे. कच्च्या तांदळात बॅसिलस सीरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते भात शिजल्यावरही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष उकळूनसुद्धा जात नाही. मायक्रोवेव्ह, फोडणी, पुन्हा कुकर, कशाचाच उपयोग नसतो. खाल्ल्यापासून तासा-दोन तासांत, फार तर सहा तासांत उलट्या होतात. भातच नव्हे, शिजवलेले पोहे, उपमा, नूडल्स, सगळ्यांना हेच लागू.

म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, पुण्याच्या मे महिन्यात तर तासाभरात. भात लवकर निववायचा असेल तर पातेल्यात झाकून ठेवू नका, परातीत पसरा. आपल्या आज्या मसालेभात परातीत काढायच्या. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी संपवा, आणि एकदाच गरम करा. चार दिवसांचा भात घरात ठेवायचं कारणच काय? ताजा भात कुकरला लावायला वीस मिनिटं लागतात.

मी रविवारी शिजवत नाही, अर्धवट करून ठेवते. कांदा-टोमॅटो परतून डबा भरते. मटकी भिजवून मोड आणते, पण कच्ची खात नाही, वाफवते, कारण मोडांच्या दमट उबेत मटकीबरोबर जिवाणूही वाढतात. पालेभाजी निवडून कापडात गुंडाळते, धूत नाही. आणि पिठं भरून ठेवते. डबाबंद झटपट खाण्याचा शोध परदेशात लागला असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठी स्वयंपाकघरातल्या मांडणीवरचे डबे उघडलेले नाहीत. कुळथाचं पीठ असलं की दहा मिनिटांत पिठलं. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही, बाकीच्यांना मी शिकवते. थालीपिठाची भाजणी म्हणजे ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, धने, सगळं आधीच भाजून दळलेलं. कांदा, तिखट, मीठ घालून भिजवायचं, तव्यावर थापायचं आणि झाकण ठेवायचं. थापायचाही कंटाळा असेल तर मोकळ भाजणी करा. मऊ भातावर मेतकूट आणि तूप. हे सगळं उन्हाळ्यात एकदा करून ठेवायचं किंवा गावच्या महिला गटाकडून विकत आणायचं. यात बघायला रील नाही, म्हणून नव्यांना पटत नाही.

शिळ्या पोळ्या उरल्या तर फोडणीची पोळी. शेंगदाणे सढळ हाताने घाला.

पाकिटावरच्या शब्दांना भुलणं

"मल्टीग्रेन" म्हणजे एकाहून अधिक धान्यं. त्यातलं पहिलं मैदा असू शकतं. "भाजलेलं, तळलेलं नाही" हे खरं असतं, पण भाजायच्या आधी किती तेल चोळलं हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं. मसाला ओट्सच्या मसाल्यात मीठ बरंच असतं. मखाने वाईट नाहीत, पण वाटीभर मखान्यांचं वजन असतं साधारण पंधरा-वीस ग्रॅम, प्रथिनं त्यात दीड-दोन ग्रॅम, आणि किंमत मात्र वाण्याकडून निघताना जाणवते. त्याच पैशात फुटाण्यांची मोठी पिशवी येते.

मग मधल्या भुकेला खायचं काय? फुटाणे आणि शेंगदाणे. इतकं साधं उत्तर ऐकून लोकांचा चेहरा पडतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, फुटाण्यांतही वीसच्या वर. मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाणे खाल्ले की साडेसात ग्रॅम प्रथिनं आणि १७० कॅलरी. मूठ म्हणजे मूठ, बरणी नव्हे. मी वाटीत काढून घेते, बरणी परत कपाटात जाते, मग बसते. कामाच्या टेबलावर बरणी ठेवणारा माणूस कितीही शिकलेला असो, ती रिकामी करतो. कोल्हापूर-सांगलीकडचं भडंग मला अतिशय प्रिय आहे, पण चुरमुरे म्हणजे हवा आणि तांदूळ. त्यात दाणे आणि कच्चा कांदा भरपूर असेल तरच ते भुकेला पुरतं.

बाकीच्या, थोडक्यात

भूक लागल्यावर ॲप उघडणं. रिकाम्या पोटी ऑर्डर करणं म्हणजे भांडून आल्या आल्या क्लायंटला मेल लिहिण्यासारखं, दोन्ही नंतर निस्तरावं लागतं. मागवायचंच असेल तर नाश्ता झाल्यावर, पोट भरलेलं असताना दुपारचं ठरवा.

उपवास म्हणून साबुदाणा. तो निव्वळ स्टार्च असतो, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिनं नाहीत. खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं. कूट वाढवा, किंवा वरई आणि दाण्याची आमटी करा.

फळाचा रस. फळ खा.

डेडलाइनच्या रात्री कॉफीवर कॉफी. पोषण संस्थेने कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम सांगितली आहे. दीडशे मिलि फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम असतं. तिसऱ्या मगानंतर तुम्ही जागे असता, पण उपशीर्षकांत काय लिहिता ते सकाळी मला दुरुस्त करावं लागतं.

अमेरिकन क्लायंट आणि रात्रीचं जेवण

ही चूक नव्याने दिसायला लागली आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात. मुलं "कॉल झाल्यावर जेवते" म्हणतात. कॉल लांबतो, मग दुसरा, मग त्यातून निघालेलं काम, आणि जेवण साडेअकराला. तेव्हा पोळी-भाजी कोणालाच नको असते, चमचमीत हवं असतं. त्यावर लगेच झोप. सकाळी घशाशी आंबट येतं, नाश्ता नको वाटतो, आणि अकराला पुन्हा चहा-बिस्किट.

कॉलच्या आधी जेवा. सहाला जेवण जात नसेल तर एक थालीपीठ आणि वाटीभर दही तरी खाऊन बसा, आणि कॉलनंतर ताक-भात किंवा मुगाचं कढण एवढंच घ्या. क्लायंटला "मला अर्धा तास उशिरा जमेल" असं सांगायची लाज वाटते म्हणे. त्यांच्याकडे दुपारी बारा वाजता कॉल लावून बघा, कॅलेंडरवर त्यांनी लंचची वेळ आधीच अडवून ठेवलेली असते.