फॉगचा रंग आकाशातून उचला
गेमच्या दृश्यात खोली जाणवत नसेल, तर नवी मॉडेल्स टाकण्याआधी फॉगचा, म्हणजे लांबच्या वस्तूंवर चढणाऱ्या धुक्याच्या इफेक्टचा, रंग तपासा. बरेचजण तो नुसता राखाडी ठेवतात आणि लांबचे डोंगर मळकट दिसू लागतात. हवेत निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून दिवसा दूरचा गर्द डोंगरही फिकट निळसर दिसतो. आयड्रॉपरने (रंग उचलायच्या टूलने) क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग उचला आणि तोच फॉगला द्या. संध्याकाळी सूर्याच्या बाजूला तो नारिंगीकडे झुकू द्या. मग स्क्रीनशॉट कृष्णधवल करून पाहा. जवळचं झाड, मधली भिंत, मागचा कडा हे 3 थर वेगळे ओळखू यायलाच हवेत. नाही आले, तर आधी उजेड-अंधारातला फरक वाढवा. दूरच्या कड्यावर शुद्ध काळा मात्र नकोच. मधली सगळी हवा त्याने नाहीशी होते, मला ते फार खुपतं.