ई, आय, एल, व्ही आणि कानानं केलेला घात

बँकेच्या परीक्षेत रीझनिंगला, म्हणजे तर्काच्या भागात, हा प्रश्न बऱ्याचदा येतो. चार अक्षरं दिलेली, प्रत्येक अक्षर एकदाच वापरायचं, अर्थपूर्ण इंग्रजी शब्द किती होतात? पर्याय: एकही नाही, एक, दोन, तीन, तीनपेक्षा जास्त. गोल टेबलाभोवती माणसं बसवायची कोडी सोडवण्यात ज्यांचं आयुष्य चाललंय ती पोरं याला ‘फुकटचा मार्क’ म्हणतात. मीही म्हणायचो.

तेव्हा मी तासगाव तालुक्यातनं रोज एसटीनं सांगलीला यायचो, विश्रामबागच्या एका अभ्यासिकेत बसायचो. क्लासच्या सराव पेपरात आलं: ई, आय, एल, व्ही. मनात म्हटलं, लिव्ह, लाइव्ह, ईव्हिल. झाले तीन. ‘तीन’चा गोल काळा केला आणि पुढं गेलो. उत्तर होतं ‘तीनपेक्षा जास्त’. मार्क तर गेलाच, वर पाव गुण कापला.

आता हे नीट बघा, कारण मला हे कळायला सहा महिने लागले. मी तीनसुद्धा शोधले नव्हते. लिव्ह म्हणजे राहणं आणि लाइव्ह म्हणजे थेट प्रक्षेपण, कानाला हे दोन शब्द. कागदावर मात्र एकच: एल, आय, व्ही, ई. म्हणजे माझ्या हाती खरे दोनच होते. मग सुटले कोणते? व्हेल, म्हणजे चेहऱ्यावरचा पडदा. आणि व्हाइल, म्हणजे नीच. दोन्ही मला पाठ होते! व्हेल तर पेपर सोडवताना डोक्यात येऊनही गेला. पण व्हेल म्हटलं की माझ्यासमोर देवमासा उभा. त्याला डब्ल्यू आणि एच लागतात, ते दिलेले नाहीत, म्हणून मीच त्याला हाकलला. व्हाइलचंही तेच झालं, ‘असताना’ या अर्थाचा व्हाइल समजून सोडून दिला.

मराठी माध्यमातल्या पोरांकडं शब्द कमी असतात, हे खोटं आहे. शब्द असतात, पण ते कानात असतात. आमचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली, तेव्हा मी सहावीत. पुढं जे काही पाठ केलं ते गाइडातून, आणि गाइडात शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार छापलेला. डोळा आपोआप देवनागरीवर जातो. नाइफ, नी, नॉक मला झोपेत येत होते. पण ‘केनं सुरू होणारा शब्द सांग’ म्हटलं की यातला एकही सुचायचा नाही, कारण त्यात सुरुवातीचा के ऐकूच येत नाही. लाइट, नाइट, डॉटर यांतल्या जी-एचची तीच गत. तुमचंही असं होत असेल तर ‘माझं इंग्रजीच कच्चं’ म्हणून रडत बसू नका. साठा आहे, फक्त कप्पा चुकलाय.

इलाज साधा आहे आणि ऐकायला बालिश वाटतो. शाळेत घोकायचो तसं मोठ्यानं घोका: के एन आय एफ ई नाइफ, नाइफ म्हणजे सुरी. गाइडातला देवनागरी उच्चार पट्टीनं झाका. आई बेदाण्याच्या शेडवर कामाला असायची. तिला डबा द्यायला जाताना मी सायकलवर हेच पुटपुटायचो. शेडवरच्या बायका हसायच्या, हसू देत.

दुसरं, जुन्या लग्नपत्रिका कापून अक्षरांचे चौकोन करा. अक्षरं जोडून शब्द बनवायच्या स्क्रॅबलच्या खेळात 100 सोंगट्या असतात, त्यात ई बारा आणि क्यू एकच. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन माणसानं वृत्तपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण बसवलं होतं. तुम्हीही ई, ए, आय भरपूर करा. चार चौकोन ओळीत न लावता गोल मांडा. ओळीत मांडले की डोळा पहिल्या अक्षराला चिकटून बसतो.

परीक्षेत चौकोन नसतात. तिथं चारही अक्षरं गोल लिहायची आणि प्रत्येकाला एकदा पुढं उभं करायचं. चार अक्षरांच्या रचना चोवीस होतात, त्या सगळ्या लिहीत बसलात तर संपलात. क्लार्कच्या पूर्वपरीक्षेत रीझनिंगचे 35 प्रश्न 20 मिनिटांत, म्हणजे एकाला चौतीस सेकंद. जो शब्द सापडेल त्याची चारही अक्षरं लिहा, मनात ठेवू नका. मनात ठेवला की तो परत कानात जातो. माणसांची-गावांची नावं मोजायची नाहीत.

‘एकाच नजरेत उत्तर’ छापाच्या झेरॉक्स विकणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणाऱ्या साइट वाईट नाहीत, पण स्वतः शोधून झाल्यावर. शिवाय त्यांना सगळंच चालतं. ई, आय, एल, व्ही टाका, पाचवा शब्द दाखवतील: व्ही, एल, ई, आय. दक्षिण आफ्रिकेतली पाणथळ जमीन! पेपर काढणाऱ्याच्या मनात ती नसते.

क्लासचे सर म्हणाले होते, ‘शब्दांचे प्रश्न सोडून द्यायचे, आपल्या पोरांना ते जमत नाहीत.’ मी दोन महिने सोडले. गुरूचं ऐकावं, पण तुम्हाला काय जमणार नाही हे सांगणाऱ्याचं कशाला? मला खरं शिकवलं ते अभ्यासिकेतल्या एका मिरजेच्या मुलीनं. तिनं माझी चुकलेली उत्तरं घेतली आणि एवढंच म्हणाली, ‘लिहून दाखव, बोलू नको.’

आणि हो, चार सापडले की थांबा. पर्याय ‘तीनपेक्षा जास्त’च्या पुढं जात नाही. कोल्हापूरच्या केंद्रावर मला ओ, पी, एस, टी आले. स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स लिहिले आणि पुढं सरकलो. पॉट्स पेपर सुटल्यावर जिना उतरताना आठवला. सहावा, ऑप्ट्स, सुचला तेव्हा सांगलीहून गावाकडं निघालेली एसटी कवठेएकंदच्या आसपास होती.