जास्वंदीची कोवळी पानं पिवळी पडतायत? खत नको, लोह द्या

बोअरवेलच्या जड पाण्यावर वाढलेल्या कुंडीतल्या जास्वंदीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात आणि वाढ थांबते. हे लोह कमी पडल्याचं लक्षण. (आधी खालची जुनी पानं पिवळी पडत असतील तर हा उपाय नाही, तिथे बहुधा नत्र कमी असतं.)

१. आधी कुंडीचं भोक मोकळं करा. पाणी साचून मुळं गुदमरली असतील तरी पानं अशीच दिसतात, मग फवारणीचा उपयोग नाही.

२. कृषी सेवा केंद्रातलं चिलेटेड फेरस (ईडीटीए), म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीत घालू नका, जड पाण्याने साचलेल्या चुनखडीत ते टिकत नाही. साधं हिराकसही (फेरस सल्फेट) अशा मातीत लवकरच निकामी होतं.

३. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच. नाहीतर १० लिटर पाण्यात चहाचा अर्धा सपाट चमचा लिंबूसत्व मिसळून आठवड्यातून एकदा घाला.

गुण आला की नाही ते नव्या फुटीवर बघा. जुनी पिवळी पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही. अर्ध्या ग्रॅमचा एक ग्रॅम मात्र करू नका, कोवळी पानं करपू शकतात.